दोन भाषांच्या सीमेवरचे मेमरी-क्रॅश: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पायथॉनमधून सी भाषेतली लायब्ररी वापरणारा प्रोग्राम पुष्कळदा सगळे काम बिनचूक करतो आणि मेमरी मोकळी करताना कोसळतो. लिनक्सवर ‘इनव्हॅलिड पॉइंटर’ किंवा ‘डबल फ्री ऑर करप्शन’ असा संदेश येतो आणि स्टॅक ट्रेसमध्ये ‘फ्री’ हे फंक्शन दिसते. त्यामुळे चूक त्याच ओळीत आहे असे समजले जाते. प्रत्यक्षात तिथे चूक उघडकीस येते. घडलेली असते आधीच. सी-मध्ये मेमरी देणारा मॅलॉक प्रत्येक ब्लॉकला लागूनच स्वतःच्या नोंदी ठेवतो. एखाद्या फंक्शनने ब्लॉकची हद्द ओलांडून चार बाइट जास्त लिहिले, की शेजारच्या नोंदी बिघडतात. फ्री त्या नोंदी तपासते आणि प्रोग्राम थांबवते.

मेमरी कुणीही घेतली तरी कोणत्याही फ्रीने सुटते, हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. मेमरी देणाऱ्या प्रत्येक ॲलोकेटरचा हिशेब वेगळा असतो. पायथॉनचा अंतर्गत ॲलोकेटर, पायमॅलॉक, 512 बाइटपर्यंतच्या मागण्या स्वतःच्या साठ्यातून भागवतो आणि त्याहून मोठ्या सी-च्या मॅलॉककडे पाठवतो. आता पायथॉनच्या ‘पायमेम-मॅलॉक’ या फंक्शनने, म्हणजे याच ॲलोकेटरमधून, घेतलेली मेमरी सी-च्या फ्रीने सोडली, तर मोठा ब्लॉक योगायोगाने नीट सुटतो आणि लहान ब्लॉकवर क्रॅश होतो. लांबलचक मजकुरावर चाचण्या पास होतात, एका लहान नावावर प्रोग्राम पडतो. पायथॉन 3.6 पूर्वी पायमेम-मॅलॉक थेट मॅलॉककडेच जात असे, त्यामुळे ही चूक दडून राहू शकत होती. अपग्रेडनंतर अशी चूक वर आली, तर दोष नव्या आवृत्तीचा नसतो.

इतरत्रही हेच. विंडोजवर दोन डीएलएलमध्ये सी-च्या रनटाइमच्या वेगवेगळ्या प्रती असतील, तर एकीने दिलेली मेमरी दुसरीने सोडता येत नाही. रस्टने ‘इंटू-रॉ’ने बाहेर दिलेली सी-स्ट्रिंग ‘फ्रॉम-रॉ’नेच परत घ्यावी लागते. रस्ट सुरक्षित आहे म्हणून तिथे चूक नसणार, हे गृहीतही टिकत नाही. सीमेपलीकडे काय घडते ते रस्टच्या कंपायलरला दिसत नाही.

गार्बेज कलेक्टर सगळे सांभाळतो, असेही मानले जाते. त्याला फक्त आपल्या भाषेतले संदर्भ दिसतात. सी-टाइप्स या पायथॉनच्या मॉड्यूलमधून सी-ला दिलेल्या कॉलबॅकचा संदर्भ पायथॉनमध्ये कुठेच राखला नाही, तर तो गोळा केला जातो आणि सी नंतर नाहीशा झालेल्या फंक्शनला हाक मारते. याच सी-टाइप्समध्ये फंक्शनचा परतीचा प्रकार सांगितला नाही तर तो इंट धरला जातो; 64 बिटांचा पत्ता 32 बिटांत कापला जातो आणि फ्रीच्या हाती कुणीही न दिलेला पत्ता पडतो.

निदानाची सुरुवात पायथॉन-मॅलॉक या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘डीबग’ मूल्य देऊन करावी. मग पायथॉनने दिलेल्या ब्लॉकच्या दोन्ही कडांना ठरावीक बाइट भरले जातात आणि हद्द ओलांडल्याचे कळते. त्यापुढचे साधन म्हणजे ॲड्रेस सॅनिटायझर. सुटलेली मेमरी पुन्हा वापरली, तर वापर कुठे झाला, ब्लॉक कुठे घेतला आणि कुठे सोडला, असे तिन्ही ट्रेस तो देतो. मूळ चूक शोधायला एवढे बहुधा पुरते. मात्र पायमॅलॉकच्या साठ्याच्या आतले सॅनिटायझरला दिसत नाही, म्हणून पायथॉन-मॅलॉक व्हेरिएबलला ‘मॅलॉक’ मूल्य द्यावे लागते. इथे एक सापळा आहे. असे केल्यावर पायमेम-मॅलॉक आणि फ्री यांची चुकीची जोडी बरोबर ठरते आणि तो दोष अहवालातून गायब होतो. एका साधनाने ‘काही सापडले नाही’ म्हटले, एवढ्यावर शोध थांबवू नये. व्हॅलग्राइंड या आणखी एका साधनासाठी प्रोग्राम सॅनिटायझरसारखा पुन्हा कंपाइल करावा लागत नाही, पण तो 10 ते 30 पट मंदावतो.

फ्रीची ओळ काढली आणि क्रॅश थांबला, म्हणजे दुरुस्ती झाली असे नाही. जोडी चुकली असेल तर क्रॅशच्या जागी गळती येते. हद्द ओलांडली गेली असेल तर बिघाड तसाच राहतो. खरी दुरुस्ती म्हणजे ज्या लायब्ररीने मेमरी दिली तिच्याच फंक्शनने ती सोडणे. एसक्यूलाइट ही डेटाबेस लायब्ररी ‘एक्झेक’ फंक्शनमधून त्रुटीचा जो संदेश देते, तो तिच्या स्वतःच्या फ्रीनेच सोडायचा असतो. फंक्शनने परत दिलेली अशी स्ट्रिंग सी-टाइप्समधून घेताना परतीचा प्रकार व्हॉइड पॉइंटर ठेवावा, मजकुराची प्रत करावी आणि मूळ पत्ता लायब्ररीच्या फ्रीला द्यावा. प्रकार कॅर पॉइंटर ठेवला, तर सी-टाइप्स बाइट्स तयार करून देते आणि सोडायचा पत्ताच हाती उरत नाही.