सोंग, छंद आणि ओळख : 'फरी' असणं म्हणजे काय?

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, हिंगोलीत बसून ही अमेरिकेतली उठाठेव कशाला? पण मोबाईल आपल्या मुलांच्या हातातही आहे. वहीच्या मागच्या पानावर कोल्ह्याचं तोंड आणि माणसाचं अंग असलेलं चित्र काढून 'हा मी' असं म्हणणारं मूल उद्या आपल्याच घरात निघू शकतं. अशा वेळी आईवडिलांच्या तोंडी दोनच वाक्यं येतात : 'नाद आहे, जाईल' किंवा 'याच्या डोक्यावर परिणाम झालाय'. दोन्ही घाईची आहेत, म्हणून आधी नीट माहिती घेऊ.

'फर' म्हणजे प्राण्याच्या अंगावरची दाट लव. त्यावरून 'फरी' हा शब्द आला. माणसासारखी बोलणारी, चालणारी, कपडे घालणारी प्राणी-पात्रं ज्यांना मनापासून आवडतात, ती ही मंडळी. 1980च्या दशकात अमेरिकेत विज्ञानकथा आणि कॉमिक्सच्या संमेलनांतून ती एकमेकांना भेटू लागली आणि 1989 साली कॅलिफोर्नियात त्यांचं पहिलं स्वतंत्र संमेलन भरलं. पिट्सबर्गच्या 'अँथ्रोकॉन'ला आता हजारोंनी लोक येतात. बहुतेक जण स्वतःसाठी नाव, रंग, स्वभाव ठरवून एक प्राणी-पात्र घडवतात, त्याला 'फरसोना' म्हणतात. बातम्यांत दिसणारा अंगभर केसाळ पोशाख, म्हणजे 'फरसूट', मात्र थोड्यांकडेच असतो, कारण त्याला काही हजार डॉलर पडतात. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे तिकडेही खरंच!

आता मूळ प्रश्न. हा छंद की ओळख? उत्तरासाठी आपण आधी आपल्याच मुलखात बघू. प्राण्याचं किंवा दुसऱ्याचं रूप घेणं आपल्याला नवं नाही.

मराठवाड्यात मोहरमात नवस फेडण्यासाठी अंगावर पट्टे रंगवून 'वाघ' होण्याची चाल होती. मुसलमानांबरोबर हिंदू घरांतली माणसंही वाघ होत. ते दिवस सरले की रंग धुतला जाई आणि माणूस आपल्या शेतावर, दुकानात परत. वाघ होणं खरं होतं, श्रद्धेचं होतं, पण ते तेवढ्या दिवसांपुरतं.

दुसरं उदाहरण खंडोबाच्या वाघ्याचं. गळ्यात भंडाऱ्याची पिशवी (पूर्वी ती व्याघ्रचर्माची असे), हातात कोटंबा. वाघ्या म्हणजे खंडोबाचा कुत्रा, या भावनेने कुत्र्यासारखं भुंकण्याचा विधीही या परंपरेत आहे. पण वाघ्येही दोन प्रकारचे. घरवाघ्या आपला संसार, कामधंदा सांभाळतो आणि कुलाचारापुरता वाघ्या होतो. दारवाघ्या दीक्षा घेऊन दारोदार भिक्षा मागतो, त्याचं सगळं जगणंच वाघ्याचं. देव एक, विधी तोच, तरी एकासाठी तो जगण्याचा एक भाग आणि दुसऱ्यासाठी सगळं जगणं.

तिसरं उदाहरण बहुरूप्याचं. आज मारुती, उद्या पोलीस, परवा आणखी कोणी. दिवसभर सोंग वठवायचं आणि संध्याकाळी उतरवायचं, हा त्याचा पोटाचा धंदा. पण महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत 'बहुरूपी' हे नाव आहे. म्हणजे ज्या मुलाने जन्मात तोंडाला रंग लावला नाही, त्याच्याही दाखल्यावर 'बहुरूपी' लिहिलेलं असतं. सोंग उतरतं, दाखला उतरत नाही. इथे ओळख आतून आलेली नाही, बाहेरून चिकटलेली आहे.

या तिघांवरून आपल्या हाती तीन प्रश्न येतात. रूप उतरवता येतं का? उतरवल्यावर माणसाला आपण अपुरे वाटतो का? आणि हे नाव त्याने स्वतः घेतलं की दुसऱ्यांनी दिलं?

हेच प्रश्न फरींना लावून पाहा. अमेरिकेत कॅथलीन गर्बासी, स्टीफन रायसन वगैरे मानसशास्त्रज्ञांनी या मंडळींचा बराच अभ्यास केला आहे. त्यांनी एक उपयोगी भेद केला : एखाद्या गोष्टीची आवड वेगळी आणि ती आवडणाऱ्या माणसांत आपलेपणा वाटणं वेगळं. क्रिकेट आवडणारे पुष्कळ असतात, पण संघ हरला की जेवण न जाणारेही असतात ना? फरींतही तसंच. काहींना नुसती चित्रं आवडतात. काहींना तिथे पहिल्यांदा मित्र मिळतात, मनातलं बोलता येतं, आणि मग 'मी फरी आहे' हे वाक्य 'मी वारकरी आहे' इतकं जवळचं होऊन बसतं. तरीही बहुतेक फरी स्वतःला माणूसच मानतात. आपण आतून प्राणीच आहोत असं ज्यांना वाटतं त्यांना 'थेरियन' म्हणतात. तो गट वेगळा आणि लहान आहे. दोघांची गल्लत करू नये.

तेव्हा आमचं म्हणणं असं : फरी असणं मुळात छंद आहे, काहींच्या बाबतीत त्याची ओळख बनते. ती बनली की नाही, हे ज्याचं त्यानेच सांगायचं.

घरातल्या मुलाच्या वहीत तो कोल्हा सापडला, तर आधी विचारा, 'याचं नाव काय? हा कसा आहे?' अनेकदा मूल स्वतःबद्दल जे बोलायला लाजतं, ते कोल्ह्याबद्दल सांगतं. मोबाईलवर ते कुणाशी बोलतं, चित्रांसाठी कुणाला पैसे देतं, यावर लक्ष ठेवा. ते प्रत्येक छंदात ठेवावंच लागतं. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, शाळा टाळत असेल तर जरूर डॉक्टरांकडे न्या, पण त्या त्रासासाठी न्या, कोल्ह्यासाठी नको. आणि पाहुण्यांसमोर, गल्लीत त्याला 'प्राणी' म्हणून चिडवू नका. स्वतः घेतलेलं नाव मूल उद्या सोडूही शकेल, पण गावाने ठेवलेलं नाव सोडवणं किती अवघड असतं, ते बहुरूप्याच्या पोराला विचारा.