सर्व्हर सुरू, पण काम बंद!

दुकान एका पेठेत, गोदाम गावाबाहेर आणि हिशेबनीस तिसऱ्याच ठिकाणी, अशी आज अनेक व्यापारी बांधवांची स्थिती आहे. हिशेबाचे सॉफ्टवेअर एकाच सर्व्हरवर ठेवून सर्वांनी दुरून काम करण्याची सोय विंडोज सर्व्हरमधील रिमोट डेस्कटॉपने होते. परंतु ते बसवताना चुका राहिल्या तर ऐन गर्दीच्या दिवसांत बिले थांबतात. म्हणून काय तपासावे, ते आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

प्रथम दुकानातल्याच दुसऱ्या संगणकावरून जोडून पाहावे. सर्व्हरच्या नावाने जोडणी होत नसेल, पण आयपी क्रमांकाने होत असेल, तर दोष नावाच्या नोंदीत आहे. दोन्हींनी होत नसेल, तर सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप चालू केले आहे काय आणि फायरवॉलमध्ये ३३८९ क्रमांकाचे पोर्ट मोकळे आहे काय, हे पाहावे. सर्व्हरचा आयपी क्रमांक कायमचा ठरवून ठेवावा. तो बदलला की जोडणी तुटते. एकालाच प्रवेश मिळत नसेल, तर त्याचे नाव 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' या गटात नसावे.

दोघे काम करतात, तिसऱ्याला जागा नाही, अशी तक्रार नेहमीची. हा बिघाड नव्हे. मूळ सोय देखभालीसाठी फक्त दोघांची असते. अधिक माणसांसाठी 'सेशन होस्ट' बसवावे लागते व त्याचे परवाने वेगळे घ्यावे लागतात. हिशेबाचे सॉफ्टवेअर सेशन होस्टच्या नंतर बसवावे. आधी बसवलेले कधी कधी एकालाच चालते.

खरी फसगत पुढे आहे. परवान्यांशिवाय सेशन होस्ट १२० दिवस चालते. सारे सुरळीत आहे असे वाटते आणि मुदत संपताच दारे बंद होतात! परवाने विकत घेऊनही भागत नाही. परवाना सर्व्हर कार्यान्वित करून त्याचे नाव आणि परवान्याचा प्रकार, माणशी की यंत्रामागे, सेशन होस्टला सांगावा लागतो. म्हणून बसवणाऱ्याचे पैसे चुकते करण्यापूर्वी ही नोंद डोळ्यांनी पाहून घ्यावी.

शेवटी एक कळकळीची सूचना. बाहेरगावाहून जोडणी व्हावी म्हणून काही जण राउटरमधून ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटला उघडे करतात. हे गल्ला उघडा टाकून घरी जाण्यासारखे आहे. चोरटे असेच सर्व्हर शोधतात आणि हिशेब कुलूपबंद करून खंडणी मागतात. सर्व्हर २००८ सारख्या जुन्या आवृत्त्यांत पासवर्डविना शिरता येईल असा 'ब्लूकीप' दोष निघाला होता. मायक्रोसॉफ्टने मे २०१९ मध्ये त्याची दुरुस्ती दिली. तेव्हा बाहेरची जोडणी व्हीपीएनमधूनच घ्यावी, सर्व्हर अद्ययावत ठेवावा आणि हिशेबाची एक प्रत रोज सर्व्हरपासून अलग काढून ठेवावी. यंत्र पुन्हा विकत मिळते. उधारीची वही हरवली तर ती बाजारात मिळत नाही.