अमृतसर थेट, लातूर वळसा घेऊन

नांदेडातला गोदावरीचा पूल ओलांडून माणूस सिडको-हडकोच्या बाजूला आला आणि लातूर फाटा मागे पडला, की थोड्याच वेळात विष्णुपुरी येते. गोदावरी अडवून केलेला जलाशय इथलाच. आशियातल्या मोठ्या उपसा सिंचन योजनांमध्ये ज्याची गणना होते तो शंकरराव चव्हाण प्रकल्प हाच, आणि नांदेड शहराच्या नळाला येणारे पाणीही याच जलाशयाचे. काठावर काळेश्वराचे मंदिर आहे. १९८१ साली सुरू झालेले गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अशी सगळी गर्दी या एका गावाच्या शिवारात आहे.

या विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. लातूरला उपकेंद्र असले, तरी मुख्य कारभार विष्णुपुरीचाच. परदेशात शिकायला निघालेल्या औशाच्या किंवा निलंग्याच्या मुलाला ट्रान्सक्रिप्टसाठी विष्णुपुरी गाठावीच लागते. हा मुलगा विष्णुपुरीला येतो कसा? एसटीने. लोहा, अहमदपूर, चाकूर या रस्त्याने नांदेड-लातूर अंतर दीडशे किलोमीटरच्या आत आहे. रेल्वेने यायचे म्हटले, तर गाडी आधी लातूर रोड, मग परळी, मग गंगाखेड, परभणी, पूर्णा असा फेरफटका मारून नांदेडला पोहोचते. अंतर दोनशे किलोमीटरच्या वर जाते. गाडी नाहीच असे नाही. नांदेड-पनवेल एक्सप्रेस लातूरवरूनच जाते. पण लातूरला जायला तिच्यात बसणारा नांदेडकर एक तर फार निवांत असावा किंवा रेल्वेचा शौकीन.

आता त्याच नांदेडच्या फलाटावर दुसरी गाडी पाहा. सकाळी सुटणारी सचखंड एक्सप्रेस दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर तोडून दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसरला पोहोचते. मध्ये गाडी बदलायची गरज नाही आणि खिशात जेवणापुरते पैसे असायचीही गरज नाही.

जेवणाची ही गोष्ट आता देशभर माहीत झाली आहे, तरी ती जवळून पाहण्यासारखी आहे. गाडीत मुरलेले प्रवासी डबे, ताटल्या, पेले घरूनच घेऊन निघतात. परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, पुढे भोपाळ, नवी दिल्ली अशी स्टेशने जवळ आली, की डब्यात हालचाल सुरू होते. वरच्या बर्थवरचा माणूस खाली उतरतो, पिशवीतला स्टीलचा डबा निघतो, खिडकीजवळच्यांच्या हातात तीन-तीन जणांची भांडी जमा होतात. फलाटावर स्थानिक गुरुद्वाऱ्यांचे सेवेकरी पातेली आणि बादल्या घेऊन उभे असतात. कढी-भात, डाळ, छोले, खिचडी, बटाटा-कोबीची भाजी, त्या दिवशी जे शिजले असेल ते. गाडी थांबते तेवढ्या मिनिटांत डावाने भराभर वाढले जाते. शिपाई असो, शेतकरी असो, एसी डब्यातले कुटुंब असो, पंगत एकच. गाडीला उशीर झाला तर लंगरही थांबून राहतो. १९९५च्या सुमारास आठवड्यातून एकदा धावणारी ही गाडी आज रोज धावते, आणि ही सेवा जवळजवळ तिच्या वयाइतकीच जुनी आहे. खर्च चालतो तो संगतीच्या, म्हणजे शीख भाविकांच्या, देणग्यांवर.

पंजाब आणि गोदावरीकाठ यांचा हा सांधा जुळला १७०८ साली. बादशहा बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्या बंदोबस्तासाठी दक्षिणेत उतरला, तेव्हा गुरू गोबिंदसिंघ त्याच्या छावणीबरोबर नांदेडपर्यंत आले. इथेच त्यांना बैरागी माधोदास भेटला आणि पुढे तोच बंदा सिंघ बहादूर झाला. इथेच गुरूंवर वार झाला, इथेच त्यांनी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले आणि ऑक्टोबर १७०८मध्ये देह ठेवला. आजच्या तख्त सचखंड हजूर साहिबची इमारत महाराजा रणजितसिंघांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारली. निजामाच्या राज्यात, दिवाण चंदूलालच्या काळात, पंजाबातून शीख सैनिक आणले गेले. त्यांचे वंशज आज ‘दक्खनी शीख’ म्हणून ओळखले जातात. ते बाजारात इतरांसारखीच मराठी बोलतात आणि घासाघीसही मराठीतच करतात.

श्रद्धेने नाते जोडले. रूळ मात्र निजामाच्या सोयीने पडले. १९००च्या सुमारास हैदराबाद-मनमाड हा गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज मार्ग सुरू झाला. हैदराबादला मनमाडशी जोडायचे, वाटेत कापूस आणि धान्य उचलायचे, एवढा त्याचा हिशेब. नांदेड त्या मार्गावर आले. लातूर त्या मार्गापासून लांब राहिले आणि त्याची सोय पश्चिमेकडून झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, आणि १९११मध्ये ती लातूरला पोहोचली. पंढरपूरचे वारकरी आणि लातूरच्या बाजारपेठेचा माल ही त्या छोट्या गाडीची मुख्य सवारी. म्हणजे शेजारशेजारच्या दोन शहरांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना होती. नांदेडचे हैदराबाद-मनमाडकडे, लातूरचे कुर्डुवाडी-मिरजेकडे. तिसरा मार्ग विकाराबादहून बिदर, उदगीर करत परळीला गेला, तो लातूर शहराला टाळून. त्यावरचे स्टेशन म्हणूनच ‘लातूर रोड’, शहरापासून तीसेक किलोमीटर लांब. रेल्वेच्या भाषेत ‘रोड’ लागलेल्या स्टेशनवर उतरणाऱ्याने पुढच्या वाहनाची तजवीज आधीच केलेली बरी.

नव्वदच्या दशकात मनमाडकडून ब्रॉडगेज पुढे सरकत नांदेडला आले आणि उत्तरेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा रस्ता मोकळा झाला. आज इथून श्रीगंगानगरला थेट गाडी आहे, हिमाचलातल्या अंब अंदौराला आहे. २००३ साली नांदेडला रेल्वेचा स्वतंत्र विभाग मिळाला, पण तो दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे मुख्यालय सिकंदराबादला. तो मध्य रेल्वेला जोडा, ही मराठवाड्यातल्या प्रवासी संघटनांची जुनी मागणी आहे. लातूरकडचे रूळ २००७-०८मध्ये रुंद झाले. त्यांच्यावरचा सगळ्यात अनपेक्षित प्रवासी २०१६च्या एप्रिलमध्ये आला, आणि तो माणूस नव्हता. दुष्काळात कोरड्या पडलेल्या लातूरसाठी मिरजेहून पाण्याची गाडी निघाली आणि १२ एप्रिलच्या पहाटे पहिल्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी लातूरला उतरले. कॅलथ्रॉपच्या जुन्या वाटेवरूनच. रूळ अडीच फुटीच राहिले असते, तर एवढे पाणी त्यावरून आणणे अवघड होते.

राजकारणाची बाजू इथे टाळता येत नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. देशाला दोन गृहमंत्री दिले, शंकरराव आणि शिवराज पाटील चाकूरकर. आणि चाकूर तर याच नांदेड-लातूर रस्त्यावरचे गाव. एवढी वजनदार माणसे होऊन गेली, तरी लोहा-अहमदपूर मार्गे सरळ लोहमार्ग कागदावरच राहिला. दोन्ही शहरे एकत्र येऊन भांडली असती तर गोष्ट वेगळी झाली असती, असे म्हणायला जागा आहे. पण २००९मध्ये नवे विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर मोर्चे, बंद आणि कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेजाऱ्यांचे लक्ष एकमेकांना जोडण्यापेक्षा एकमेकांच्या ताटात काय पडते याकडेच जास्त राहिले.

नांदेडच्या बाबतीत पैसा आणि निर्णय हलले ते गुरुद्वाऱ्यामुळे. २००८मध्ये गुरू-ता-गद्दीचा, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याचा, त्रिशताब्दी सोहळा झाला. त्याआधी जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत नांदेडचा समावेश झाला, रस्ते आणि घाट झाले, विमानतळ नव्याने बांधला गेला. त्या विमानतळाची पुढची कथा मात्र कधी ऊन कधी सावली अशी आहे. कंपन्या आल्या, काही वर्षे उडाल्या, निघून गेल्या. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेतल्या देशातल्या पहिल्या मार्गांमध्ये नांदेड-हैदराबाद होते. त्याच वर्षी डिसेंबरात एअर इंडियाने अमृतसर-नांदेड थेट विमान सुरू केले. इंग्लंड-कॅनडातल्या भाविकांची ती मोठी सोय होती. हैदराबादचे विमान चालवणारी ट्रूजेट पुढे बंदच पडली. विमानतळ पुन्हा सुनासुना झाला, तो २०२४मध्ये स्टार एअरची छोटी विमाने येईपर्यंत. त्यांचाही एक मार्ग पंजाबातल्या आदमपूरचा, हे ओघानेच आले. बर्मिंगहॅमचा भाविक नांदेडला कसा पोहोचेल, हे त्या वर्षी कोणती कंपनी तग धरून आहे यावर ठरते. सगळे फसले, तर हैदराबादला उतरून रस्त्याने किंवा रेल्वेने येणे हा जुना, खात्रीचा मार्ग उरतोच.

दर्शन झाल्यावर हे पाहुणे फिरतात, तेही ठरलेल्या वाटांनी. शहरातला नगीना घाट, बंदा घाट, बाहेरचा शिकार घाट, माल टेकडी. मग मिनीबस करून बिदरचा नानक झिरा. पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंघ मूळचे बिदरचे, त्यामुळे ती फेरी बहुतेक जण चुकवत नाहीत. काही जण हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीला जातात, कारण संत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. विष्णुपुरीच्या जलाशयाकडे आणि काळेश्वराकडे मात्र यातले फार थोडे वळतात. तिथे संध्याकाळी दिसतात ती वसतिगृहातली पोरे आणि नांदेडची कुटुंबे. माळेगावची खंडोबाची यात्रा तर याच लातूर रस्त्यावर, मार्गशीर्षात घोडे, उंट आणि गाढवांच्या बाजारासह भरते. पण पंजाबी पाहुण्यांच्या कार्यक्रमात तिचे नाव नसते. ती त्यांना कोणी सांगतही नाही.

उलट्या दिशेचा एक मोठा प्रवास मात्र मराठी माणसाने केला. एप्रिल २०१५मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८वे अधिवेशन पंजाबातल्या घुमानला भरले. नामदेवांच्या उत्तरायुष्याशी जोडलेले ते गाव. अध्यक्ष सदानंद मोरे होते. महाराष्ट्रातून खास रेल्वेगाड्या सुटल्या. पुस्तकांची विक्री होणार नाही म्हणून प्रकाशकांनी आधी नाके मुरडली, त्यावर बरीच चर्चा झाली; पण गेलेल्यांनी परत येऊन कौतुक केले ते तिथल्या पाहुणचाराचे आणि लंगरचे. संमेलनातल्या भाषणांपेक्षा जेवणाची आठवण जास्त टिकली म्हणून कुणी नाराज होण्याचे कारण नाही. मराठी संमेलनांची ती जुनी रीत आहे.

या नात्याची कठीण परीक्षा २०२०मध्ये झाली. मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा दर्शनाला आलेले सुमारे चार हजार भाविक नांदेडमध्ये अडकले. रेल्वे बंद, विमाने बंद. महिनाभर ते यात्री निवासांत राहिले, लंगरवर जेवले. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात परवानगी मिळाली आणि बसगाड्या निघाल्या. सचखंडने दीड दिवसात होणारा प्रवास बसच्या खुर्चीत बसून, तीन-चार राज्ये ओलांडत करायचा होता. पंजाबात पोहोचल्यावर तपासण्या झाल्या आणि हजाराहून अधिक जण बाधित निघाले. लागण नांदेडात झाली, वाटेत झाली की पंजाबात, यावर दोन राज्यांत जुंपली. सगळ्यांत जास्त ओढाताण झाली ती गावात परतल्यावर संशयाने पाहिल्या गेलेल्या त्या यात्रेकरूंची.

मराठवाड्यातल्या तरुणाचा रोजचा प्रवास या सगळ्यापासून फार वेगळा आहे. तो पुण्याला जातो, आणि जातो ‘ट्रॅव्हल्स’ने. रात्री लातुरातून आणि नांदेडातून स्लीपर गाड्या निघतात, पहाटे पुण्यात टेकतात. दिवाळीत त्यांचे भाडे विमानाच्या तिकिटाशी स्पर्धा करते. जवळच्या प्रवासाला एसटीच. मार्च २०२३पासून महिलांना अर्धे तिकीट झाल्यावर अहमदपूर, लोहा मार्गावरच्या लालपरीतली गर्दी बदलली. बाजाराला, दवाखान्याला, लेकीकडे जाणाऱ्या बायका जास्त दिसू लागल्या. विष्णुपुरीच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्ण घेऊन येणाऱ्यांची भिस्तही याच गाडीवर.

मुंबईची वाट गेल्या काही वर्षांत सुधारली. डिसेंबर २०२३मध्ये जालन्यापर्यंत आलेली वंदे भारत ऑगस्ट २०२५मध्ये नांदेडपर्यंत वाढली. जालना-नांदेड द्रुतगती मार्ग समृद्धी महामार्गाला जोडायचा आहे. त्याच्या जमिनीच्या मोबदल्यावरून शेतकरी भांडत आहेत. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला तर अनेक जिल्ह्यांत विरोध आहे, आणि नांदेड-परभणीकडच्या बागायतदारांचा त्यात मोठा वाटा आहे. यातला एकही रस्ता लातूरला जाणाऱ्या नांदेडकरासाठी आखलेला नाही. रेल्वेच्या बाजूने २००८-०९मध्ये मंजूर झालेला २८४ किलोमीटरचा वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग आहे. त्यातल्या वर्धा-कळंब तुकड्यावर पहिली गाडी धावली ती फेब्रुवारी २०२४मध्ये. तो पुरा झाला की नांदेडहून वर्धा, नागपूर जवळ येईल. लोहा-अहमदपूरचा मार्ग या रांगेत त्याच्याही मागे उभा आहे.