रिकाम्या जागेची चौकशी

आमच्या घरात बी. ए. झालेली मी पहिली मुलगी. माझी आपा माझ्याहून हुशार. पण तिची शाळा आठवीतच सुटली. फी माफ होती, पुस्तकंही मिळाली होती. अम्मीचं आजारपण निघालं, चार दिवसांचे चाळीस झाले आणि आपाच्या जागेवर दुसरी मुलगी बसू लागली. 'ती का येत नाही?' असं विचारायला कुणी आलं नाही. माझ्या वेळी मात्र शेजारी डी. एड. करणाऱ्या एक ताई होत्या. मी दोन दिवस घरी दिसले, की त्या उंबऱ्याशी येऊन अब्बांना कारण विचारत. एवढाच काय तो फरक.

तो किती मोठा, हे आफ्रिकेतल्या एका कामाविषयी वाचताना उमगलं. १९९१मध्ये ॲन कॉटन नावाच्या ब्रिटिश बाई झिम्बाब्वेतल्या मोला या खेड्यात गेल्या. मुली शाळेत का नाहीत, हे त्यांना शोधायचं होतं. रूढी आडवी येते, असा सर्वसाधारण समज. तिथं दिसली ती गरिबी. पैसे एकाच मुलापुरते असत आणि नोकरी लागण्याची आशा मुलग्याची जास्त, म्हणून ते त्याच्यावर खर्च होत. १९९३मध्ये ३२ मुलींना मदत देऊन 'कॅमफेड' ही संस्था सुरू झाली.

पण फी आणि गणवेश मुलीला शाळेच्या दारापर्यंत नेतात. आत टिकायला आपलं माणूस लागतं. शिकून बाहेर पडलेल्या मुलींनी १९९८मध्ये स्वतःची संघटना बांधली. त्यांच्यातूनच पुढे 'लर्नर गाईड' तयार झाल्या. या तरुणी आपल्याच भागातल्या शाळेत जातात, मुलींशी अभ्यासाबरोबर आत्मविश्वास, आरोग्य, पुढची स्वप्नं यांविषयी बोलतात आणि गैरहजर मुलीच्या घरी जाऊन चौकशी करतात. त्याही याच गरिबीतून आलेल्या. म्हणून आईबापांना त्यांचं म्हणणं पटतं.

ही नुसती समाजसेवा नाही. या तरुणींना धंद्यासाठी बिनव्याजी कर्ज मिळू शकतं. व्याजाऐवजी त्या शाळेला आपला वेळ देतात. मला ही कल्पना फार आवडली. मिळालेल्या विद्येचं व्याज पुढच्या मुलीला द्यायचं! पहिल्या मुलींपैकी अँजेलिन मुरिमिर्वा पुढे याच संस्थेच्या प्रमुख झाल्या.

आपल्याकडेही राजस्थानात २००७पासून 'एज्युकेट गर्ल्स'चे गावातलेच स्वयंसेवक घरोघर जाऊन शाळाबाह्य मुली शोधतात. या संस्थेला २०२५चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपाला हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्याकडे कुणी का आलं नाही गं?"

मी तेव्हा पाचवीत होते. एकाच शाळेत, एकाच घरात. विचारायला मलाही सुचलं नव्हतं. आता आमच्या गल्लीतली एखादी मुलगी भर दुपारी दारात दिसली, की मी थांबते आणि विचारते, "बेटा, आज शाळा नाही?"