मोटारीला एकच रबर का पुरत नाही?

तळेगाव दाभाडे : पैसा फंडाच्या काच कारखान्यामुळे विसाव्या शतकाच्या प्रारंभी उद्योगाच्या नकाशावर आलेले तळेगाव आज मोटारींचे गाव म्हणून ओळखले जाते. जनरल मोटर्सने २००८ मध्ये येथे सुरू केलेला कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. शेजारच्या चाकणमध्ये २०१३ पासून ब्रिजस्टोनचे टायर तयार होतात. या पट्ट्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीचा पत्रा आणि काच सहज नजरेत भरते. टायर सोडल्यास रबर मात्र दिसत नाही. इंजिनाखालचे माउंटिंग, रेडिएटरचा होज पाइप, दरवाजाचे बीडिंग, ऑइल सील, इंधनाची नळी हे सारे रबराचेच असते. पण एकाच रबराचे नसते. जागा चुकली की चांगले रबरही कुचकामी ठरते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे हा विषय कारखान्यातून थेट वाहनमालकाच्या दारात आला आहे.

बळ आणि उणीव

नैसर्गिक रबर हे झाडाच्या चिकापासून मिळते. देशात त्याचे मुख्य उत्पादन केरळात होते. महाराष्ट्रात सिंधुदुर्गातील दोडामार्ग, सावंतवाडी परिसरात रबराच्या बागा आहेत. आयसोप्रीन या छोट्या घटकांची लांबच लांब साखळी म्हणजे या रबराचा रेणू. रबर ताणले की या साखळ्या एका रांगेत येऊन स्फटिकासारख्या घट्ट होतात. त्यामुळे चीर पडली तरी ती सहजासहजी पुढे सरकत नाही. अवजड ट्रक आणि विमानांचे टायर आजही मोठ्या प्रमाणात नैसर्गिक रबरावर अवलंबून आहेत, ते याच गुणामुळे.

उणिवाही त्याच रेणूत दडलेल्या आहेत. साखळीच्या प्रत्येक कडीत एक दुहेरी बंध असतो आणि हवेतील ओझोन नेमका तेथेच घाव घालतो. शिवाय ही साखळी पेट्रोल आणि खनिज तेलाच्याच कुळातील असल्याने रबर तेल शोषून फुगते. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेच्या साह्याने साखळ्यांमध्ये पूल बांधण्याची युक्ती शोधली. त्यामुळे उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होण्याची रबराची खोड गेली. तेलाचे वावडे मात्र कायम राहिले.

रेणूलाच नवे रूप

यावर एक उपाय म्हणजे रेणूतच रासायनिक बदल करणे. चिकावर परआम्लाची प्रक्रिया केली असता काही दुहेरी बंधांच्या जागी ऑक्सिजन बसतो. यालाच एपॉक्सिडीकृत नैसर्गिक रबर म्हणतात. शंभरापैकी पन्नास बंध असे बदलले, तर तेलाला तोंड देण्यात ते मध्यम प्रतीच्या नायट्राइल रबराच्या जवळ जाते आणि हवा रोखण्यात ब्युटाइल रबराच्या. जपानच्या सुमितोमो रबर कंपनीने २००८ मध्ये ९७ टक्के घटक खनिज तेलाव्यतिरिक्त अन्य स्रोतांतून घेतलेला टायर बाजारात आणला, त्यात अशाच सुधारित रबराचा उपयोग केला होता.

मात्र याची किंमत मोजावी लागते. साधे नैसर्गिक रबर उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास काचेसारखे कडक होते. पन्नास टक्के बदललेले रबर उणे २० अंशांच्या आसपासच ती अवस्था गाठते, शिवाय त्याची उसळीही कमी होते.

मिसळले म्हणजे एकजीव नव्हे

दुसरा उपाय म्हणजे कृत्रिम रबराची जोड. दुसऱ्या महायुद्धात जपानने १९४२ मध्ये मलाया जिंकल्यावर अमेरिकेचा रबरपुरवठा तुटला आणि स्टायरीन-ब्युटाडाइन रबराचे उत्पादन युद्धपातळीवर सुरू झाले. आज कामानुसार वाटण्या झाल्या आहेत. ट्यूबमध्ये ब्युटाइल, ऑइल सीलमध्ये नायट्राइल, तर ऊन आणि ओझोन सोसणाऱ्या दरवाजाच्या बीडिंगमध्ये ईपीडीएम वापरले जाते. टायरच्या बाजूच्या भिंतीत नैसर्गिक आणि पॉलिब्युटाडाइन रबराचे मिश्रण असते. पहिल्यापासून बळ मिळते, तर दुसऱ्यामुळे वारंवार वाकूनही भेगा लवकर पडत नाहीत.

तथापि, दोन रबरे यंत्रात एकत्र मळली तरी ती साखर-पाण्यासारखी विरघळत नाहीत. एकात दुसऱ्याची सूक्ष्म बेटे तयार होतात. काजळी आणि गंधक दोन्हींत सारखे विभागले जात नाहीत. एक भाग पक्का होतो आणि दुसरा कच्चा राहतो. ईपीडीएममध्ये दुहेरी बंध फारच थोडे असल्याने नैसर्गिक रबराबरोबर त्याचे मिश्रण करताना ही अडचण विशेष जाणवते. कोणता घटक केव्हा घालायचा आणि किती तापवायचे, हा क्रम म्हणूनच निर्णायक ठरतो.

वाहनमालकाने काय ध्यानात घ्यावे?

नायट्राइल रबराचा रेणू विद्युतभाराने असमतोल असल्याने पेट्रोल त्यात फारसे शिरत नाही. इथेनॉलचा रेणूही तसाच असमतोल आहे. परिणामी मिश्र इंधनात हे रबर अधिक फुगते. एप्रिल २०२३ पासून नवी वाहने २० टक्के इथेनॉलला साजेशा सामग्रीची असणे अपेक्षित होते. जुन्या काही वाहनांत २०,००० ते ३०,००० किलोमीटरच्या वापरानंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलण्याची गरज भासू शकते, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये स्पष्ट केले. अशा वेळी केवळ मापाची नळी न घेता ती या इंधनासाठी योग्य आहे का, हे विचारणे आवश्यक आहे. नळी ओलसर, फुगलेली वा भेगाळलेली दिसल्यास किंवा पेट्रोलचा वास आल्यास दिरंगाई नको, कारण इंधनगळतीतून आग लागू शकते.

ब्रेकच्या बाबतीत गणित नेमके उलटे आहे. तेथील ईपीडीएमच्या सीलना ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल मानवते. पण चुकून इंजिन ऑइल पडले तर ती फुगतात आणि ब्रेक निकामी होण्याचा धोका असतो.

सर्वगुणसंपन्न रबर अद्याप तयार झालेले नाही. प्रत्येक बदलात एक गुण मिळतो, तर दुसरा काही अंशी गमवावा लागतो. कोणता गुण कोठे हवा, हे कारखान्यात ठरते. तो टिकवण्याची जबाबदारी मात्र गॅरेजची आणि वाहनमालकाची असते.