तासाभरात मावलेली कादंबरी

दिवाळीच्या सुट्टीत खाप्याला आलेल्या नातवानं फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या विचारलं, "आजोबा, तुमच्याकडं 'जैत रे जैत' आहे का?"

मला वाटलं, सिनेमाबद्दल विचारतो आहे. म्हटलं, "कॅसेट होती गाण्यांची. कुठं गेली कोणास ठाऊक."

"कॅसेट नाही, पुस्तक. गोनीदांचं. त्याच्यावर मिक्स करून राहिलो मी."

मिक्स हा शब्द आमच्या पिढीला भाजीसंदर्भात ठाऊक. अलीकडे तो वरातींमुळे कानांवर आदळू लागला. ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर रचलेले, पुढं नाचणारी पोरं, आणि घरात कपाटाच्या काचा थरथरताहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही. हे नियम वरातीतल्या कुणी वाचले असतील असं वाटत नाही. त्यामुळं 'डीजे' म्हटलं की माझा हात आधी कानाकडं जातो. आणि हा मुलगा गोपाळ नीलकंठ दांडेकरांच्या कादंबरीचा डीजे करायला निघालेला!

"वाचलीस का कादंबरी?" मी विचारलं.

"सिनेमा पाहिला ना."

मी उठलो, कपाटातून पुस्तक काढलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, "आधी हे वाच. मग तू मला तुझं यंत्र शिकव."

व्यवहार ठरला. त्यानं पुस्तक तीन दिवसांत वाचलं. मला यंत्र कळायला आठवडा लागला.

त्यानं सांगितलेलं मला समजलं ते असं. एक गाणं वाजत असतं. दुसरं गाणं डीजे एका कानावरच्या हेडफोनमध्ये एकटाच ऐकत असतो. त्याची गती हळूहळू कमी-जास्त करत तो ठोक्यावर ठोका आणून बसवतो. मिनिटाला १२० ठोके असतील तर सेकंदाला दोन. त्यात किंचित फरक पडला तरी घोडा लंगडतो. दोन्ही गाण्यांचे खर्ज एकदम वाजले तर सगळा चिखल होतो, म्हणून एकाचा खर्ज उतरवत दुसऱ्याचा चढवायचा. सूर एकमेकांशी भांडणार नाहीत हे बघायचं. चार ठोक्यांचं एक आवर्तन, अशी आठ किंवा सोळा आवर्तनं भरली की नवा रंग आणायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सांधा दिसता कामा नये. ऐकणाऱ्याला एकदम कळावं की आपण दुसऱ्या गावात येऊन पोचलो. शीव कधी ओलांडली ते कळू नये.

ऐकता ऐकता मला हसू आलं. हे तर आमच्या देवळात कीर्तनकार करत होते! पूर्वरंगात अभंग लावायचा, त्यावर निरूपण, मध्येच ओवी, मध्येच श्लोक, टाळ-मृदंगाची लय न तुटता गजर, आणि मग उत्तररंगात आख्यान. अख्खं रामायण एका रात्रीत मांडायचं नसतं; त्यातला एकच प्रसंग घ्यायचा आणि त्याभोवती वेगवेगळ्या संतांची वचनं गुंफायची. अनेकांची सामग्री, एकाची गुंफण. विमानतळावर वाजतं तसलं काही कानात घालून बसणारी ही पोरं आपल्याला वाटतात तेवढी परकी नाहीत.

आता थोडा इतिहास. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क नावाच्या जमैकात जन्मलेल्या तरुणानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर लावून, नाचणाऱ्यांना आवडणारा ढोलाचा तुकडा लांबवायला सुरुवात केली. पण यंत्राच्या सुरांशी आपली ओळख त्याच्याही आधीची. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आला, तो अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी लावून दिला. १९८२ साली मुंबईत, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी जपानी यंत्रांवर दहा रागांची तबकडी काढली. तेव्हा तिची फारशी वास्तपुस्त झाली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा पाश्चात्त्य ऐकणारे चकित झाले. शिकागोत काही वर्षांनी जन्मलेलं नृत्यसंगीत त्यांना या मुंबईच्या तबकडीत आधीच ऐकू आलं.

कादंबरीवरून संगीत करणंही नवं नाही. भा. रा. भागवतांमुळं आपल्याला लहानपणीच भेटलेल्या ज्यूल व्हर्नच्या पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासावर इंग्लंडच्या रिक वेकमननं १९७४ साली वाद्यवृंद आणि सिंथेसायझर घेऊन अखंड संगीतकृती केली. आपल्याकडं २००९च्या 'जोगवा' चित्रपटानं राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्या एकत्र विणल्या, आणि त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पण या सगळ्यांत मोठं उदाहरण म्हणजे १९७७चा 'जैत रे जैत'. कथा गोनीदांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, गीतं ना. धों. महानोरांची आणि संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. माणसं बोलतात त्याहून अधिक गातात असा तो चित्रपट. गोष्ट ठाकरांची. नाग्या हा भगताचा पोर. त्याला पुण्यवंत व्हायचं आहे, राणीमाशी बघायची आहे. लिंगोबाच्या डोंगरावरच्या मधमाशा त्याचा एक डोळा घेतात, आणि ज्यांना देवाच्या म्हणून मान द्यायचा त्यांच्याशीच त्याचं वैर जडतं. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्या पाठीशी उभी राहते. शेवटी जैत होतं, म्हणजे विजय होतो. त्या जैताची किंमत मात्र चिंधी प्राणांनी चुकवते.

नातवानं पहिला आराखडा मला ऐकवला तेव्हा त्यात चित्रपटाची गाणी होती, खाली यंत्राचा ढोल होता आणि शेवटी जैताच्या आरोळीवर दणदणाट होता. ऐकून संपल्यावर मी दोन आक्षेप घेतले.

पहिला आक्षेप बँकेतल्या माणसाचा. ही गाणी कुणाची तरी मालमत्ता आहे. कादंबरीही आहे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. गोनीदा १९९८मध्ये गेले, तेव्हा २०५८ संपेपर्यंत त्यांच्या शब्दांवर वारसांचा हक्क आहे. पुस्तक वाचून तुला जे सुचलं ते तुझं. पण त्यांचे शब्द किंवा कुणाचं ध्वनिमुद्रण घेणार असशील तर परवानगीचा कागद हवा. घरात ऐकायला ठीक, पण घराबाहेर काढायचं तर सही लागते.

दुसरा आक्षेप कादंबरी लिहिणाऱ्या माणसाचा. म्हटलं, "हा सिनेमाचा मिक्स झाला. पुस्तक कुठं आहे यात? आणि शेवटी एवढा दणका कशाला? तिथं कोण मरतं ते वाचलंस ना?"

तो गप्प झाला. या पिढीला आपण रागावलो की ती दार लावून बसते, असं माझं मत होतं. यानं दार लावलं खरं, पण दोन दिवसांनी उघडलं तेव्हा सगळी गाणी काढून टाकलेली होती. म्हणाला, "आजोबा, पहिल्यापासून करतो. मला एक माग ऐकायचा आहे."

खापा म्हणजे कन्हानच्या काठावरचं, सावनेर तालुक्यातलं विणकरांचं गाव. माझ्या लहानपणी, साठच्या दशकात, मोहल्ल्यातून चालताना दोन्ही बाजूंनी खटक-खटक यायची. धोटा इकडून तिकडं धावायचा, पावड्या खालीवर व्हायच्या, फणी ठोका द्यायची. प्रत्येक घराची लय निराळी. डोळे मिटून कुणाचं घर आलं ते सांगता यायचं. पुढं यंत्रमागाचं स्वस्त कापड आलं, पोरं नागपूरला कामाला गेली, आणि ते आवाज एकेक करत बंद पडले. कुठल्या दिवशी कुठला माग थांबला, हे कुणी लिहून ठेवलं नाही. मीही नाही, आणि मी तर लिहिणारा माणूस.

"ठाकरांच्या डोंगरात आपला माग कुठून आला रे?" मी विचारलं.

"गोनीदा परतवाड्याचेच ना?" तो म्हणाला. "इथून तिकडं गेले तर कान इथंच ठेवून गेले असतील का?"

याला उत्तर नव्हतं. अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्यात १९१६ साली जन्मलेला हा माणूस तेराव्या वर्षी घर सोडून निघाला, गाडगे महाराजांबरोबर हिंडला, नर्मदेची परिक्रमा केली आणि मग सह्याद्रीचा झाला. त्यांच्या गद्याला कान लावला की वाचनापेक्षा ऐकणंच जास्त होतं. त्यांच्या कन्या वीणा देव आणि कुटुंबीयांनी वर्षानुवर्षं त्यांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन केलं. ना नेपथ्य ना वेशभूषा, नुसत्या आवाजावर लोक बसून राहत.

आम्ही एका वयस्क विणकराकडं गेलो. नातवानं मागाशेजारी मोबाइल ठेवला. काकाजींनी वीसेक मिनिटं विणलं, मधे धागा तुटला, थांबून सांधला, पुन्हा सुरू केलं. शेवटी म्हणाले, "काहून बाप्पा, ह्या खटखटीले आता लोक पैसे देऊन ऐकतात का?"

"पैसे नाही काकाजी. नुसतं ऐकतात."

"मंग बरं हाय," ते म्हणाले आणि पुन्हा पावडीवर पाय ठेवला.

घरी आल्यावर खरी अडचण उभी राहिली. संगणकात बसवल्यावर मागाचा ठोका प्रत्येक वेळी नेमक्या जागी पडेना. यंत्राला एक कळ असते, ती दाबली की सगळे ठोके सरळ रेषेत उभे राहतात. त्यानं दाबली. ऐकलं. मीही ऐकलं. यंत्रमाग झाला होता! त्यानं न बोलता कळ मागं घेतली, आणि बाकीचं सगळं संगीत मागाच्या चालीनं चालवायला बसला. त्याला त्यात पाच रात्री लागल्या. धागा तुटला ती जागाही त्यानं तशीच ठेवली.

सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं ऐकायला बसलो. आमची ही शेंगा फोडत होती. सुरुवातीला अगदी खोल गुणगुण. दोन सूर एकमेकांपासून केसभर दूर लावले की त्यांच्यात थरथर उठते, तशी ती. माशा कुठं दिसत नाहीत, पण डोंगरावर आहेत. मग माग आला, ढोल आला, पाऊस आला. गुणगुण मात्र सगळ्याच्या खाली सुरूच.

विसाव्या मिनिटाच्या आसपास डावीकडचा आवाज एकदम बंद झाला. मी उठून वायर हलवली. "स्पीकर गेला वाटतं तुझा."

"स्पीकर ठीक आहे आजोबा," तो हळूच म्हणाला. "नाग्याचा डोळा गेला."

मी परत येऊन बसलो. त्यानंतरचा सगळा वेळ संगीत एकाच बाजूनं येत राहिलं, आणि माझी मान नकळत त्या बाजूला वळलेली राहिली. चढण सुरू झाली, लय वाढत गेली. जैताची जागा आली तशी मी कानाकडं हात नेण्याच्या तयारीत होतो. दणका आला नाही. तिथं ती गुणगुण थांबली. पाऊण तासाहून अधिक काळ ती इतकी मुरली होती की ती वाजते आहे हेच आम्ही विसरलो होतो. ती गेल्यावर खोली केवढी रिकामी झाली!

शेंगा फोडणारे हात थांबले. "मघापासूनचा तो आवाज कुठं गेला?" हिनं विचारलं.

तिनं कादंबरी वाचलेली नव्हती, आणि सिनेमाही अर्धाच पाहिलेला. जिंकण्यासाठी ज्यांना घालवलं त्यांच्याबरोबर काय गेलं, हा प्रश्न त्या पुस्तकात आहे. माझ्या मोहल्ल्यातही आहे. मी त्यावर इतकी वर्षं विचार करतो आहे आणि ही शेंगा फोडता फोडता तिथं पोचली.

नातू पुण्याला परत गेला. त्यानं तो मिक्स अजून बाहेर कुठं दिलेला नाही. त्यात गोनीदांचा एकही शब्द नाही, तरी त्याला सुरुवातीला कादंबरीतला एक परिच्छेद वाचायचा आहे आणि पुस्तकाचं नाव लावायचं आहे. म्हणून परवानगीसाठी पत्र लिहिलं आहे. मसुदा मला पाठवला होता. मी दोन वाक्यं दुरुस्त केली, तारीख घातलेली नव्हती ती घालायला सांगितली, आणि खाली लिहिलं, "एक प्रत काकाजींनाही ऐकव."

पुस्तक सध्या माझ्याकडं नाही. दुपारी जेवणं आटोपली की ते हिच्या हातात असतं.