सोवळे आणि मडी

मराठीत ज्याला ‘सोवळे’ म्हणतात त्याला कन्नडमध्ये ‘मडी’ म्हणतात. दोन्ही शब्द वस्त्रालाही लागतात आणि माणसालाही. कन्नडमध्ये तर कपडे धुणाऱ्याला ‘मडिवाळ’ असे नाव आहे. वस्त्राचा हा नियम बाईच्या साऱ्या आयुष्यावर कसा पसरतो, हे दोन लेखिकांनी दाखविले आहे.

पहिली एम. के. इंदिरा यांची कादंबरी ‘फणियम्मा’ (१९७६). दुसरे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’, जे १९३४ पासून भागाभागांनी निघाले. दुसरे आत्मचरित्र आहे हे खरे. परंतु फणियम्माही लेखिकेच्या नात्यातील एका बाईच्या जीवनावर बेतलेली असल्याने तुलना अस्थानी होऊ नये.

मलनाडातील फणियम्मा बालपणीच विधवा होते. केशवपन होते, एकभुक्त राहणे नशिबी येते. ती नियम मोडत नाही. पण एक दलित स्त्री प्रसूतीत अडते, तेव्हा शिवाशिव बाजूला ठेवून तिला सोडवते. पुढे घराण्यातील एक तरुण विधवा केशवपनास नकार देते, तेव्हा फणियम्मा तिची बाजू घेते. स्वतःचे व्रत तिने दुसरीवर लादले नाही.

लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे पराकोटीचे होते. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली, तेव्हापासून ते वाढले. त्याचा जाच घरच्या बायकामुलांना. १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई आधी दूर राहिल्या, नंतर जवळ राहूनही आपले स्वयंपाकपाणी वेगळे ठेवीत. जातिभेद देवाने केलेला नाही हे पटल्यावरच त्यांनी ते सोडले. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला.

एकीने धर्मात राहून आचार सैल केला, दुसरीने आधी आचार सोडला आणि मग धर्म बदलला. लक्ष्मीबाई आपल्या फजितीवरही हसतात. फणियम्मा मात्र कधी रागावत नाही. मला कादंबरीत हीच उणीव वाटते. इतके सोसून राग नसेल, तर वाचक तिला संत मानून मोकळा होतो आणि तिच्यावर अन्याय करणारे सुटतात.

आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना खर्च कोणाच्या नावे पडला हे पाहण्याची सवय असते. दोन्ही पुस्तकांत पुण्य कुळाच्या खाती जमा होते आणि नावे बाईच्या खाती पडते. आपल्या इंदुरात अहिल्याबाईंना सारे वंदन करतात. त्याही विधवाच होत्या. त्यांच्यापुढे हात जोडताना घरातल्या विधवेला हळदीकुंकवाला बोलावतो का, एवढे स्वतःला विचारले तरी ही पुस्तके वाचल्याचे सार्थक होईल.